माघीला अजून ताप आहे

१४ ऑक्टोबर, जव्हार

आले एकदाची. नाशिकहून निघताना आईचा चेहरा एवढासा झाला होता, पण मोखाडा मागे पडला आणि एसटी वळणं घ्यायला लागली तशी मी खिडकीशी स्वतःशीच हसत बसले. उतारावर नागली उभी आहे, गवत पिवळं पडायला लागलंय, आणि वॉर्डातल्या फिनेलच्या वासाऐवजी नाकात ओल्या मातीचा वास. इतकी वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात नोकरी केल्यावर असं मोकळं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

खोली हौशीबाईंकडे मिळाली आहे. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहतात. न विचारता चहा ठेवला आणि कप हातात देताच लग्नाचं विचारलं. नाही म्हटल्यावर जराही वाईट वाटून न घेता म्हणाल्या, मग रात्रीचं जेवण माझ्याकडेच जेवत जा. पहिल्याच दिवशी नागलीची भाकरी आणि सुकट. मजेत आहे मी.

कामाचं लिहून ठेवते. ठाण्यातल्या एका संस्थेने 'धीर' नावाचं ॲप काढलंय. केमो घेऊन गावी परतलेल्या रुग्णाला एक फोन द्यायचा. रोज सकाळी फोन बोलतो, आज कसं वाटतंय ते विचारतो, आणि रुग्णाने तोंडी उत्तर द्यायचं. वाचता येत नसलं तरी चालतं. उत्तरात धोका दिसला की माझ्या फोनवर त्या माणसाच्या नावापुढे लाल खूण येते आणि संस्थेची गाडी निघते. केमोनंतर आठवड्याभराने अंगातली ताकद सगळ्यात खाली जाते. तेव्हा साधा ताप आला तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर माणूस हातचा जातो. वॉर्डात असे किती उशिरा आलेले पाहिले. त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी केलंय याचा मला खरंच आनंद झाला आहे.

१८ ऑक्टोबर

पोशेऱ्याच्या पुढे एक पाडा आहे, तिथे गेले. डांबरी रस्ता संपल्यावर बरंच चालायचं. माझी पहिली रुग्ण माघी. माझ्याच वयाची असेल. स्तनाचा कर्करोग, नाशिकला पहिली केमो झाली आहे. नवरा नवसू. दोघं भात झोडत होते. म्हणजे झोडत नवसू होता, आणि ती खाटेवर बसून त्याच्या चुका काढत होती.

फोन दाखवल्यावर तिने तो कानाशी धरला, मग लांब धरला, मग त्याच्याकडे बघून पदर सावरला. धीरचा आवाज बाईचा आहे, गोड, शाळेतल्या बाईंसारखा. तो म्हणाला, नमस्कार, आज कसं वाटतंय? माघी माझ्याकडे वळून म्हणाली, "ही बाय कुठं बसते?" मी म्हटलं, कुठेच नाही, हे यंत्र आहे. तिला ते पटलं नाही. यंत्राला माझ्या तब्येतीचं काय पडलंय, म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

पाड्यावर रेंज नाही. मागच्या टेकाडावर एका आंब्याखाली मिळते. नवसू रोज फोन तिथे नेईल, म्हणजे तिचं बोलणं पुढे जाईल. तो म्हणाला, गवत कापायला जायचंच असतं, तसाच वर जाईन. दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं यंदा त्याने रद्द केलं आहे.

२६ ऑक्टोबर

साखरशेतचा जगन हा माझा दुसरा रुग्ण. तोंडाचा कर्करोग, जीभ काढली आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या फोनवर चेहऱ्यांची चित्रं आहेत, हसरा, रडका, त्यावर बोट ठेवायचं. त्याची बायको गौरा त्याचं बोट धरून दाखवत होती आणि तो मुद्दाम चुकीच्या चेहऱ्यावर ठेवत होता. खट्याळ माणूस.

आज एक गोष्ट लक्षात आली. माघीकडे पाड्यातल्या बायकांबरोबर बसले होते. तिची धाकटी जाऊ तापातून उठली होती, त्याबद्दल बोलताना माघी म्हणाली की तिला हिंव भरलं होतं. फोन चालू होता. धीर मध्येच म्हणाला, "थंडी वाढली आहे. उबदार कपडे घाला." बाकी सगळ्या हसल्या. मी नाही हसले. इकडे थंडी वाजून ताप आला की त्याला हिंव म्हणतात, बहुतेक जण ताप म्हणतच नाहीत. अंग कढत झालं म्हणतील, हिंव भरलं म्हणतील. धीरला यातलं काही कळत नाही.

कमलेश सरांना लगेच कळवलं. ते ठाण्याहून हे सगळं काम बघतात. शब्द लिहून पाठवले.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. हौशीबाईंनी करंज्या केल्या, त्यातल्या मी माघीकडे नेल्या.

कमलेश सरांचं उत्तर आलं. सूचना चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू, तोपर्यंत रुग्णांना योग्य शब्द शिकवा. योग्य शब्द. मी रागावून परत फोन केला. म्हटलं, आजारी माणूस शिकवलेलं बोलत नाही, आईकडून शिकलेलं बोलतो. त्यांचा आवाज कधी चढत नाही. म्हणाले, वर्षा, तुझी तळमळ समजते.

शेवटी शिकवलंच. माघीला दहादा म्हणायला लावलं, ताप आहे, ताप आहे. ती म्हणाली, "ताप तं तुमी देता बाय." तिचे केस गेले आहेत, डोक्याला नवसूचा गमछा गुंडाळते. सरांनी सांगितलं होतं म्हणून तिचं हसतानाचं थोडं चित्रीकरण केलं. फोनवर स्वतःला बघून म्हणाली, बाप्यासारखी दिसते, आणि परत लावायला सांगितलं.

परवा तिची दुसरी केमो. मी बरोबर जाणार आहे.

१५ नोव्हेंबर, ठाणे

मला इथे बोलावून घेतलंय. ॲपला पैसा देणारी मंडळी आली आहेत, त्यांच्यापुढे गावातला अनुभव सांगायचा. मी म्हटलं होतं की माघीचे हे दिवस जोखमीचे आहेत. कमलेश सर म्हणाले, त्यासाठीच तर ॲप आहे.

गार हॉटेल. भिंतभर पडद्यावर माघी हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दिवसभर दर थोड्या वेळाने फोन बघत होते. माघी, ठीक. जगन, ठीक. दोन्ही हिरवे. एका बाईंनी मला विचारलं की इतक्या दुर्गम भागात लोक यंत्रावर विश्वास ठेवतात का. मी म्हटलं, ठेवायला लागलेत.

१७ नोव्हेंबर

माघी गेली.

काल दुपारी गेली. मी मोखाड्याला उतरले तेव्हा स्टँडवर कुणीतरी सांगितलं. तशीच चालत पाड्यावर पोचले, तेव्हा तिला माती देऊन माणसं परत येत होती. नवसू रस्त्याच्या कडेला बसला होता. मला वाटलं, तो माझी वाट बघत होता. तसं नव्हतं. तो म्हणाला, इथेच बसायची सवय लागली, बाय.

त्याने सांगितलं ते असं. तिला हिंव भरलं. ती फोनशी बोलली. तो फोन घेऊन टेकाडावर पळाला. फोन म्हणाला, तुमचा निरोप पोचला आहे, काळजी करू नका. निरोप पोचला म्हणजे गाडी येणार. म्हणून तो रस्त्यावर येऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी परत बोलली, परत टेकाडावर गेला, परत फोन म्हणाला, पोचला आहे. परत येऊन बसला.

"आमी बांबूच्या झोळीत घालून नेली असती," तो म्हणाला. "पहिल्या केमोला नेली व्हती तशीच. चार माणसं व्हती तयार. फोन बोलला म्हणून थांबलो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला फोन परत दिला. पुसून दिला.

२० नोव्हेंबर

आज दुपारी खोलीचं दार लावून त्या फोनमधलं सगळं ऐकलं. लिहिते. कुणीतरी लिहायला हवं.

पहिल्या सकाळी धीर विचारतो, आज कसं वाटतंय? माघी म्हणते, "हिंव भरलंय." धीर म्हणतो, "थंडी वाढली आहे. उबदार कपडे घाला." माघी म्हणते, "अंग कढत हाय. उभं ऱ्हावत नाय. वर्षाबायला सांग." धीर म्हणतो, "तुमचं बोलणं नोंदवलं आहे. तुम्ही छान करत आहात."

मग मध्ये एकदा ती मी शिकवलेला शब्द आठवायचा प्रयत्न करताना ऐकू येते. त्या बायनं काय म्हणायला सांगितलं होतं, असं ती नवसूला विचारते. त्यालाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शब्द नाहीतच. दातावर दात वाजतात. धीर म्हणतो, आवाज स्पष्ट आला नाही, कृपया पुन्हा बोला. ती काहीतरी म्हणते. कृपया पुन्हा बोला. ती म्हणते. कृपया पुन्हा बोला. किती वेळ चाललंय ते. आणि शेवटी, त्याच गोड आवाजात: "आज तुम्ही बोलला नाहीत. सगळं ठीक आहे असं समजू का?"

कुणी उत्तर देत नाही. मग टिंग वाजतं. नवसूने फोन टेकाडावर नेला तेव्हा माझ्या फोनवर ठाण्यात हिरवी खूण आली असणार.

फोन नसता तर ती जगली असती. हे मी कमलेश सरांना याच शब्दांत लिहून पाठवलं आहे.

२६ नोव्हेंबर

त्यांचं उत्तर: घडलं ते दुर्दैवी आहे, पण शिकवलेला शब्द रुग्णाने वापरला नाही. संस्थेच्या यादीत माघीच्या नावापुढे लिहिलंय, कार्यक्रमातून बाहेर. गेली असं नाही. बाहेर. जणू तिला कंटाळा आला.

तो फोन मी बंद करून कपाटात ठेवला आहे. ऐकलेलं सगळं माझ्या फोनमध्ये उतरवूनही घेतलंय.

आज सकाळी हौशीबाईंकडे चहा घेताना माझा फोन वाजला. लाल खूण. माघी, ताप १०२.

यंत्राची चूक असेल म्हणून कपाट उघडलं. माघीचा फोन बंदच होता. पण हातात घेतला तर गरम लागला. चुलीशेजारी ठेवलेल्या भांड्यासारखा. कपाट भिंतीत आहे, तिथे ऊन येत नाही.

२९ नोव्हेंबर

रोज येतंय. माघी, ताप १०३. कार्यालयातल्या मुलीला विचारलं, ती म्हणाली की तुमच्या माघी नावाच्या रुग्णाची नोंदच काढून टाकली आहे, तुम्हाला दिसायलाच नको. मला दिसतंय म्हटलं. ती म्हणाली, कळवते, आपला निरोप पोचला.

मी तिच्यावर ओरडले. हौशीबाई बाहेरून आत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की कोण बोलत होतं. मीच, म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही, आवाज इकडच्या बाईचा होता.

२ डिसेंबर

आज जगनच्या फोनवरून बोलणं आलं. जगनच्या. त्याच्या फोनला बोलणं पाठवायची सोयच नाही, नुसती चित्रं आहेत. आणि त्याला जीभ नाही.

मी लावलं. बाईचा आवाज. "हिंव भरलंय याला. कोनाला तरी सांग. तू तरी सांग."

माघीचा. मी तिला दहादा ताप म्हणायला लावलं आहे, तिचा आवाज मला चुकणार नाही.

यादीत जगनपुढे हिरवी खूण होती. मी संस्थेच्या गाडीची वाट बघितली नाही. स्टँडवरची जीप ठरवली आणि साखरशेतला गेले. जगन घोंगडीखाली कुडकुडत होता. गौरा म्हणाली, सकाळी त्याने रडका चेहरा दाबला, पण फोनने विचारलं, खात्री आहे का, आणि याचं बोट थरथरून हसऱ्यावर पडलं. नाशिकला पोचवलं. इंजेक्शन वेळेत सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वाचेल.

परतताना जीपमध्ये भीती वाटली, हो. पण त्याहून जास्त लाज वाटली. यंत्राने नाही सांगितलं. आम्ही कुणीच नाही. मेलेल्या बाईला सांगावं लागलं.

६ डिसेंबर

कमलेश सर स्वतः आले. पांढरी गाडी, बरोबर फुलांचा गुच्छ. कुणासाठी ते कळलं नाही. मी जगनचं सांगितलं. ते म्हणाले, दोन रुग्णांचं ध्वनिमुद्रण एकात मिसळलं असणार, तांत्रिक बाब आहे. जगनचा जीव वाचला हे मात्र अहवालात घालू, धीरचं यश म्हणून.

मग त्यांनी माघीचा फोन मागितला. संस्थेची मालमत्ता. मी दिला नाही. त्यांनी कपाटाकडे बघितलं आणि स्वतःच उघडलं. फोन उचलताच हात झटकला, चटका बसावा तसा. तरी रुमालात गुंडाळून नेला. माझ्याकडे उतरवून घेतलेलं होतं ते संध्याकाळी बघितलं, तर सगळं पुसलं गेलंय. त्यांनी काही केलं की आणखी काही, मला माहीत नाही.

मी पाड्यावर गेले होते, ते लिहायचं राहिलं. जगनचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. नवसूला सांगायलाच हवं होतं. मला वाटलं, तो घाबरेल किंवा माझ्यावर चिडेल. त्याने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाला, "बोलू दे तिला. जिती व्हती तवा कोनी ऐकला?"

मी विचारलं, घरात कधी आवाज येतो का तिचा. तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, इथे कशाला बोलेल, इथे तिला ऐकणारा होता. ऐकलं नाही तिथेच जाईल ती.

१० डिसेंबर

कमलेश सरांचा फोन आला. भर दुपारी. आधी ओळखलंच नाही. ते म्हणाले की परवापासून अंगात आग आहे आणि थंडी वाजते, पण तापमापक लावला की ९८ दाखवतो. रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणतात ताण आहे. बायको म्हणते विश्रांती घ्या. मी मरतोय, म्हणाले, आणि सगळे मला सांगतायत की मी ठीक आहे.

मग ते म्हणाले, "बाय, हिंव भरलंय."

ठाण्यात जन्मलेला माणूस. मागून त्यांच्या बायकोचा शांत आवाज येत होता, काय म्हणता काही कळत नाही हो, जरा पाणी प्या, पुन्हा बोला. पुन्हा बोला.

मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या दवाखान्यात जा. मी नर्स आहे, ते सांगणं माझं काम. पण सांगताना माझ्या मनात काय होतं ते इथे खोटं लिहिणार नाही. मला बरं वाटत होतं.

१२ डिसेंबर

कमलेश सर गेले. घरीच, खाटेवर. दवाखान्याने परत पाठवलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून.

वाईट वाटत नाही. प्रयत्न केला, नाही वाटत.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला आहे. त्याचा निरोप सगळ्यांना आला. काम थांबणार नाही. धीर आता आणखी तालुक्यांत जाणार. सुरुवातीला माघीचं हसतानाचं चित्र दाखवणार, लोकांना विश्वास वाटावा म्हणून.

तिला विचारलं का कुणी? तिला?

मी सगळ्यांना फोन केले. संस्थेत, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना, एका वर्तमानपत्रात. सगळे नम्रपणे बोलतात. पुरावा विचारतात. तळमळ समजते म्हणतात. माझा घसा बसला आहे. हा राग माझ्या एकटीचा नाही. माझ्या अंगात एवढा मावणार नाही.

१४ डिसेंबर

सकाळपासून थंडी वाजते. हौशीबाईंनी दोन गोधड्या घातल्या. तापमापक ९८. तिसऱ्यांदा लावला. ९८.

मी काय केलं तिचं? मी लिहून पाठवलं होतं. मी भांडले. माझ्यावर का —

पण ती म्हणाली होती वर्षाबायला सांग. आणि मी हिरवी खूण बघत बसले होते. तिने मला तरी का वेगळं धरावं.

नाशिकला निघायला हवं. हौशीबाईंना म्हटलं, गाडी बोलवा. त्यांनी पाणी आणून दिलं.

१५ डिसेंबर

बोलते ते त्यांना कळत नाही. मी नीट म्हणते, ताप आहे, दवाखान्यात न्या. माझ्या कानाला नीट ऐकू येतं. त्या म्हणतात, वर्षा, अशी का बोलतेस, इकडच्यासारखी, आणि इतकं पुटपुटून. कपाळाला हात लावतात. गार आहेस गं, म्हणतात.

डॉक्टर येऊन गेला. ठीक आहे म्हणाला. ठीक.

आईला फोन लावला. आई म्हणाली, हॅलो, आवाज नीट येत नाही, पुन्हा बोल. मी बोलले. पुन्हा बोल. मी ओरडले. आईने ठेवला — आई, ठेवू नकोस —

लिहिता येतंय अजून. एवढंच नीट उतरतंय.

माझा फोन आपोआप बोलतो. तोच गोड आवाज. आज तुम्ही बोलला नाहीत. समजू का. तो मी भिंतीवर आपटला. फुटला. तरी —

१६ किंवा १७

दात वाजतात. ओळ सरळ येत नाही.

तोंडात काहीतरी शब्द येतात, माझे नाहीत. भाताच्या पेंढ्या, कुठल्या पोराचं नाव. राग मात्र — राग माझाच वाटतो. त्या पडद्यावर मी हसत होते. टाळ्या. मी? मी हसत नव्हते, मी खुर्चीत होते, मी टाळ्या —

डोक्यावरून हात फिरवला. हातात केस आले. सगळे.

हौशीबाई रडत होत्या. माझं बोट धरून म्हणाल्या, तुझं बोलणं समजेल अशा कुणाला तरी आणते. पोशेऱ्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याजवळ निरोप दिला आहे.

तारीख माहीत नाही. ऊन आहे

नवसू आला.

दारात उभा राहिला. हौशीबाई म्हणाल्या, काय बोलते बघा ती. मी म्हणाले — काय म्हणाले — हिंव भरलंय. तो लगेच आत आला. त्याने पुन्हा बोल म्हटलं नाही. कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "कढत हाय."

पहिला माणूस. एवढ्या दिवसांत पहिला. मी रडले.

तो झोळीसाठी माणसं आणायला गेला. फोन नाही, गाडी नाही, वाट नाही बघायची. जाताना खाली वाकला आणि म्हणाला, "माघे, ह्या टायमाला मी थांबत नाय."

मी ओ दिली.

ओ देऊन गेले मी. हौशीबाई दारात वर्षा वर्षा करतायत आणि मला वळून बघावंसं वाटत नाही — कुणाला हाक मारतात —

मी वर्षा. लिहून ठेवते. वर्षा, नाशिकची, आईचं नाव

आईचं नाव

माणसं आली वाटतं. बांबूचा आवाज येतो. मी तयार हाय. नवसू, सावकास उचल, मना लय हिंव